पाणी आपले, वाटाड्या आपला. मग धंदा दुसऱ्याचा का?

आखातात नोकरीला असलेले आपले तरुण सुट्टीवर घरी येतात तेव्हा सोबत अत्तर, खजूर आणि फोटो घेऊन येतात. पूर्वी हे फोटो अल्बममध्ये असत, आता मोबाईलमध्ये असतात. या फोटोंत अलीकडे एक दृश्य हमखास आढळते. दोन्ही बाजूंना उघडेबोडके तांबूस डोंगर, मधल्या अरुंद घळीत हिरवेनिळे स्वच्छ पाणी, काठावर खजुरीची झाडे आणि पाण्यात डुंबणारे गोरे पर्यटक. हे ठिकाण बहुधा ओमानमधील वादी शाब किंवा वादी बनी खालिद असते. मात्र आपला तरुण त्या फोटोत पर्यटक म्हणून क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो पर्यटकांना तेथवर घेऊन गेलेल्या गाडीचा चालक असतो, नाहीतर त्यांचे जेवण तयार करणारा आचारी असतो.

यात कमीपणा काहीच नाही. कष्टाची कमाई ती कष्टाचीच. पण व्यापाराच्या पानावर लिहिताना एक प्रश्न विचारावाच लागतो. जो तरुण परक्या मुलुखात परक्यांना पाणी दाखवून पगार मिळवतो, तो आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात, हाच धंदा मालक म्हणून का करू शकत नाही? वैनगंगा आपल्या दारातून वाहते. गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत. जंगल आहे, किल्ला आहे, प्राचीन स्तूप आहेत. आणि साठ-पासष्ट किलोमीटरवर, २०११ च्या जनगणनेनुसार चोवीस लाखांच्या वस्तीचे नागपूर शहर आहे, जे दर रविवारी कुठे जावे या विवंचनेत असते. माल आहे, गिऱ्हाईक आहे. फक्त दुकान नाही. असे का व्हावे?

वादी म्हणजे काय, आणि तेथे विकले काय जाते?

अरबी भाषेत ‘वादी’ म्हणजे दरी किंवा कोरड्या नदीचे पात्र. उर्दू जाणणाऱ्या वाचकांना हा शब्द परका नाही. ओमानच्या डोंगरांतील बहुतेक वाद्या वर्षाचा मोठा काळ कोरड्या असतात, पण काही वाद्यांत झऱ्यांचे पाणी बारमाही राहते आणि खडकांत नैसर्गिक डोह तयार होतात. मस्कतहून सुमारे दीडशे किलोमीटरवरील वादी शाबला सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. वादीच्या तोंडाशी एक छोटी नाव पैलतीरी सोडते, पुढे पाऊणएक तास दगडगोट्यांतून चालायचे, मग एकामागून एक डोह पोहत पार करायचे आणि शेवटी एका अरुंद फटीतून गुहेतील धबधब्यापाशी पोहोचायचे. वादी बनी खालिद सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे; तेथे म्हातारी माणसे आणि लहान मुलेही सहज जाऊ शकतात.

आता नीट पाहा. पाणी तर निसर्गाचे आहे, त्याला कोणी पैसे देत नाही. मग पर्यटक पैसे कशाचे देतो? तो गाडीचे देतो, नावेचे देतो, जेवणाचे देतो, आणि सर्वांत अधिक देतो ते वाटाड्याच्या भरवशाचे. कोणता डोह उथळ आहे, कोणत्या दगडावर शेवाळ आहे, कोणत्या वेळी परत फिरायचे, आकाशात कोठे ढग दिसला की पाण्यात उतरायचेच नाही, हे ज्याला कळते त्याच्या शब्दावर अनोळखी माणूस आपली बायकामुले घेऊन दरीत उतरतो. म्हणजे या धंद्यात माल पाणी नसून पाणी जाणणारा माणूस आहे. हे एकदा लक्षात आले की भंडाऱ्याचा हिशोब वेगळाच दिसू लागतो.

ओमानकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या देशात डोंगरातील पाणी गावात आणि खजुरीच्या बागांत नेणारे शेकडो वर्षांचे जुने पाट आहेत, त्यांना ‘फलज’ म्हणतात. आजही सुमारे तीन हजार फलज वापरात आहेत आणि त्यांपैकी पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे गाव ठरवते आणि त्याची देखरेख गावाने नेमलेला वकील करतो. जेथे पाण्यावर गावाचा असा हक्क आणि शिस्त असते तेथे येणाऱ्या पाहुण्यालाही गावाचे नियम पाळावे लागतात. वादी बनी खालिदला पर्यटकांनी अंगभर कपडे घालावेत अशा पाट्या आहेत, आणि युरोपातून आलेला पर्यटकही त्या मानतो. धंदा वाढवायचा म्हणजे गावाची लाज सोडायची, असा जो समज आपल्याकडे आहे, तो तेथे खोटा ठरला आहे.

आपल्याकडे काय आहे?

भंडारा जिल्ह्यात पाण्याची शिस्त नव्हती असे कोणी म्हणू नये. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव ही आपली फलजच होय. गोंड राजांच्या काळापासून येथे तलाव बांधले गेले आणि कोहळी समाजाने या कामात जे कसब दाखवले त्याला तोड नाही. पाळ कोठे घालायची, तुडुम कोठे ठेवायचे, जास्तीचे पाणी कोठून काढायचे आणि खालच्या तलावात कसे न्यायचे, हे सारे कागदावरच्या नकाशाशिवाय केले गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले. पण तलावाची काळजी वाहणारी गावाची व्यवस्थाही त्याबरोबर ढिली पडली आणि अनेक तलाव गाळाने भरले. तरीही धान, मासे आणि शिंगाडा यांवर पोट भरणारी कुटुंबे आजही या तलावांच्या आधाराने जगतात. ढिवर समाजातील माणसाला तलावाचा तळ हाताच्या रेषांसारखा ठाऊक असतो. सांगा बरे, वाटाड्या म्हणून यापेक्षा योग्य माणूस कोठे मिळेल?

ठिकाणांची तर रीघ लागेल. उत्तरेला तुमसरजवळ आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा आणि नागपूर शहराचा संस्थापक बख्त बुलंद शाह याचा सरदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला असे मानले जाते. त्याच डोंगररांगेत गायमुख आणि जवळच चांदपूरचा तलाव. पूर्वेला २०१३ साली घोषित झालेले कोका अभयारण्य, भंडारा शहरापासून वीसेक किलोमीटरवर. पुढे साकोली तालुक्यातील पिटेझरी प्रवेशद्वारातून नागझिऱ्यात जाता येते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नागझिऱ्याचा बहुतेक भाग तिकडे गेला, पण हे दार आपल्याकडे राहिले. दक्षिणेला पवनी. तेथे १९६९-७० च्या उत्खननात मौर्य-सातवाहन काळातील बौद्ध स्तूप सापडले. पवनीच्या बाजूनेच उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याचे एक प्रवेशद्वार आहे, आणि शेजारी गोसेखुर्दचे अथांग जलाशय. वाटेत मोहाडी तालुक्यातील आंधळगावचे कोशाचे माग, भंडाऱ्याची पितळी भांडी, भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ. एका दिवसात सारे पाहून होणार नाही, ही तर धंद्याच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. गिऱ्हाईक तीनदा येईल.

आज नफा कोणाच्या खिशात जातो?

जंगल सफारीचे उदाहरण घेऊ. अभयारण्यात जिप्सीबरोबर गाईड घेणे बंधनकारक आहे आणि हे गाईड आसपासच्या गावांतील तरुण असतात. ही पद्धत चांगली आहे. तिच्यामुळेच अनेक घरांत चूल पेटते. पण सफारी ही दिवसाच्या सहलीचा केवळ तीन-चार तासांचा तुकडा आहे. नागपूरहून गाडी, सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, मुक्काम, खरेदी हा उरलेला सारा व्यवहार बहुधा बाहेरच्या माणसाच्या हाती असतो. पर्यटक नागपुरात पैसे भरतो, नागपूरच्या गाडीत बसतो, नागपूरहून आणलेला डबा खातो आणि आपल्या जिल्ह्यात फक्त चहाचा कप आणि प्लॅस्टिकची रिकामी बाटली सोडून जातो. गावातला मुलगा फाटकाशी उभा राहून आपली पाळी कधी येते याची वाट पाहतो. ज्याच्या हाती गिऱ्हाईक, त्याच्या हाती धंदा, हा बाजाराचा जुना नियम आहे.

२०२४ साली गोसेखुर्द जलाशयावरील जलपर्यटन प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. असा प्रकल्प व्हावा, याला आमचा विरोध नाही. पण २२ एप्रिल १९८८ रोजी या धरणाचा पायाभरणी समारंभ झाला तेव्हाही विकासाचीच भाषा होती, आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांना मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. आता त्याच पाण्यावर नावा चालणार असतील तर त्या नावांवर पहिला हक्क कोणाचा? आमचे स्पष्ट मत आहे की नाव चालवण्याचा, गाईडचा आणि उपाहारगृहाचा ठेका देताना धरणग्रस्त गावांच्या आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना अग्रक्रम मिळाला पाहिजे. ओमान सरकारने गेली कित्येक दशके अनेक नोकऱ्या आणि व्यवसाय आपल्या नागरिकांसाठी राखून ठेवले आहेत. परदेशी माणसाला त्यामुळे त्रास होतो, आपल्या तरुणांनाही तो झाला आहे. पण आपल्या माणसाचे आधी पाहावे, एवढा धडा तर त्यातून घ्यावा.

डोहात उतरण्यापूर्वी

येथे एक गोष्ट परखडपणे सांगितली पाहिजे. पाणी दिसले म्हणून माणसे त्यात उतरवायची, हा धंदा नव्हे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत आणि पुढे गोसेखुर्दच्या जलाशयात येते. नाग नदी स्वच्छ करण्याची योजना मंजूर आहे. पण पाणी खरोखर स्वच्छ झाले याचा पुरावा हाती येईपर्यंत त्या जलाशयाला ‘नैसर्गिक जलतरण तलाव’ म्हणून विकणे ही ग्राहकाची फसवणूक होय. त्याच्या पृष्ठभागावरून नावेने फिरा, पक्षी दाखवा, सूर्यास्त दाखवा. पण पोहायला लावू नका. अभयारण्यातील तळ्यांत तर उतरण्याचा प्रश्नच नाही, ते वन्यप्राण्यांचे पाणी आहे. आणि गावतलावात पाहुण्यांनी साबण लावून अंघोळ करणे म्हणजे मासे धरून जगणाऱ्याच्या ताटात माती कालवणे.

दुसरी गोष्ट जिवाची. वादीतला सर्वांत मोठा धोका असा की आकाश निरभ्र असते, पाऊस दूर डोंगरात पडतो आणि पाण्याचा लोंढा अचानक येतो. एप्रिल २०२४ मध्ये ओमानमध्ये असाच पूर आला आणि शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले. वाहत्या वादीत गाडी घालणे हा तेथे दंडनीय गुन्हा आहे. भंडाऱ्याला हे नवीन आहे काय? ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी सोडले गेले आणि वैनगंगेने भंडारा शहरात शिरकाव केला. पाऊस तिकडे, पूर इकडे. म्हणून वैनगंगेच्या काठी सहल नेणाऱ्याने आपले आकाश पाहून भागत नाही. वरच्या धरणांची दारे आणि कारध्याच्या पुलाजवळची पातळी रोज पाहावी लागते.

महाराष्ट्रात वर्षासहलीचा हंगाम आता बातम्यांतील बळींनी मोजला जाऊ लागला आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती. ते कुटुंब हौसेने सहलीला निघाले होते. त्या खडकावर ‘येथे उभे राहू नका, वरून पाणी वाढते आहे’ असे सांगणारा एक जाणकार माणूस त्यांच्यासोबत असता तर? त्याच वर्षी १८ जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. वाटाड्याची मजुरी वाचवणारा आणि जॅकेटचे पैसे वाचवणारा धंदेवाईक शेवटी काय वाचवतो? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःलाच द्यावे.

हिशोब मांडून पाहू

नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही, म्हणून एक कच्चा हिशोब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. समजा सहा पाहुण्यांची एक सहल आहे आणि माणशी १,५०० रुपये घेतले, म्हणजे जमा ९,००० रुपये. गाडी, इंधन आणि चालक ३,५००, गावातील वाटाड्या ८००, पाहुणे, चालक व वाटाड्या मिळून आठ जणांचे गावातील घरगुती जेवण २०० रुपये ताटाप्रमाणे १,६००, न्याहारी-चहा ४००, प्रवेश शुल्क व विमा ६००. एकूण खर्च ६,९००. उरले २,१००. त्यातून ५०० रुपये प्रथमोपचार पेटी, जॅकेट आणि मोडतोडीसाठी बाजूला ठेवले तर हाती १,६०० रुपये राहतात. महिन्यातून आठ सहली झाल्या तर १२,८०० रुपये, आणि आठ महिन्यांच्या हंगामात १,०२,४०० रुपये.

या रकमेत कोणी हवेली बांधणार नाही, हे खरे आहे. पण दुसरी बाजू पाहा. वाटाड्या, जेवण आणि न्याहारी मिळून प्रत्येक सहलीत २,८०० रुपये गावात राहतात. आठ महिन्यांत हा आकडा १,७९,२०० रुपयांवर जातो. म्हणजे मालकाच्या नफ्यापेक्षा गावाची कमाई अधिक. ज्या धंद्यात गावाची कमाई असते, त्या धंद्याचे रक्षण गाव करते. मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर चालकाची मजुरीही घरातच राहते. आणि हे सारे करताना आईवडील जवळ, मुले डोळ्यांसमोर. आखातातील पगाराशी तुलना करताना ही रक्कमही जमेच्या बाजूला लिहावी. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते, हे आपल्या अनेक पालकांना माहीतच नसते. ते दागिने मोडून त्याच्या कितीतरी पट रक्कम देऊन बसतात. तेवढ्या भांडवलात येथे गाडीची पहिली रक्कम भरली जाते.

कायद्याच्या चार गोष्टी

या धंद्यात आपली मुले मार खातात ती कष्टात नव्हे, कागदात. पहिली गोष्ट, खाजगी नोंदणीची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे गुन्हा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. गाडी पिवळ्या पाटीची, परवान्याची आणि प्रवासी विम्याचीच असावी. दुसरी, यांत्रिक नाव चालवायची तर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार तिची नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. साध्या डोंग्यात पर्यटक बसवून ‘आमच्या आजोबांपासून चालते’ असे म्हणण्याचे दिवस गेले. तिसरी, सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. तरीही पावती द्यावी आणि हिशोबाची वही ठेवावी. चौथी, अभयारण्ये पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे तीन महिन्यांचे दुसरे काम आधीच ठरवून ठेवावे. रोवणीच्या दिवसांत धानाची बांधी दाखवणारी, पाहुण्याला चिखलात उतरवून रोवा लावायला देणारी सहल का निघू नये? राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्याचा लाभ शेतकऱ्याला घेता येतो.

भगिनींनीही इकडे लक्ष द्यावे. पर्यटन व्यवसायात उतरणाऱ्या महिलांसाठी राज्य शासनाने २०२३ साली ‘आई’ हे धोरण आणले. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. ज्यांना कर्जाच्या वाटेने जायचे नाही त्यांनी नफ्यातोट्याच्या भागीदारीने चालावे. चार घरांनी मिळून एक गाडी, एका घराकडे स्वयंपाक, एका घराकडे हिशोब, असा मेळ जमवता येतो. लेखी करार मात्र पहिल्या दिवशीच व्हावा. नात्यात कागद कशाला, या संकोचाने आपल्या समाजातील किती भागीदाऱ्या आणि किती नाती तुटली हे आपण जाणतोच.

गिऱ्हाईक कोण?

आपल्याकडे पर्यटन म्हटले की गोऱ्या पाहुण्याची वाट पाहण्याची सवय आहे. भंडाऱ्याला त्याची गरज नाही. नागपूर, कामठी, भिलाई, रायपूर येथील मध्यमवर्गीय कुटुंब हेच आपले गिऱ्हाईक. त्यातही अनेक कुटुंबे अशी आहेत की ज्यांना सहलीला जायचे असते, पण सोय नसते. म्हातारी आई आहे, तिला चढाव झेपत नाही. मुली आहेत, त्यांना मोकळेपणाने बसायला जागा हवी. स्वच्छ शौचालय हवे, नमाजला किंवा पूजेला पाण्याची सोय हवी, हलाल जेवण हवे किंवा पूर्ण वेगळ्या चुलीवरचे शाकाहारी जेवण हवे. मोठ्या रिसॉर्टना या बारीकसारीक गरजा दिसत नाहीत. ज्याला त्या दिसतील, तो हा बाजार जिंकेल. गावातील महिला वाटाड्या असेल तर शाळेच्या मुलींच्या सहलीसुद्धा पालक निर्धास्तपणे पाठवतील.

आणि हेही ध्यानात असू द्यावे की हा एका समाजाचा धंदा होऊच शकत नाही. गाडी एखाद्या शेख किंवा पठाण तरुणाची असेल, डोंगा ढिवराचा असेल, जंगलाची वाट गोंड वाटाड्याची असेल, ताट एखाद्या कोहळी किंवा पोवार घरातले असेल, माग कोष्ट्याचा असेल. सारे मिळूनच ही सहल पूर्ण होते. शहरातून आलेला पाहुणा संध्याकाळी परतताना या सगळ्यांच्या हातचे काही ना काही घेऊन जाईल. आजच्या काळात एवढे झाले तरी ते थोडे नव्हे.

मागणी आणि आवाहन

शासनाकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. गोसेखुर्दच्या जलपर्यटनात धरणग्रस्तांच्या आणि मच्छीमारांच्या संस्थांना अग्रक्रम द्यावा. पाण्याची नियमित तपासणी करून तिचा निकाल घाटावर मराठीत फळ्यावर लिहावा. धरणाची दारे उघडण्यापूर्वी मिळणारी सूचना नावाड्यांच्या आणि गाईडच्या मोबाईलवर थेट जावी. जिल्ह्यातील धोक्याचे डोह हेरून तेथे कायमच्या पाट्या लावाव्यात. आणि जंगलाच्या गाईडला जसे प्रशिक्षण व ओळखपत्र मिळते तसे पाण्याच्या वाटाड्यालाही मिळावे. त्यात पोहणे, बुडणाऱ्याला काढणे आणि प्रथमोपचार शिकवले जावेत. यांपैकी कोणत्याही कामाला शेकडो कोटी लागत नाहीत.

तरुणांना मात्र शासनाची वाट पाहत बसू नका, एवढेच सांगणे आहे. आधी स्वतःचा जिल्हा पायी फिरा. तलावाच्या पाळीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोला. त्यांच्या जवळची माहिती कोणत्याही पुस्तकात नाही. एक मार्ग निवडा, दहा ओळखीच्या कुटुंबांना ना नफा ना तोटा तत्त्वावर फिरवून आणा, चुका कळतील त्या सुधारा, मग भाव ठरवा. बोलल्या वेळेला गाडी आणा, कबूल केलेलेच दाखवा, आणि पाणी वाढले असेल त्या दिवशी पैसे परत करून सहल रद्द करा. त्या दिवशी जे नुकसान होईल तेच तुमचे खरे भांडवल होईल, कारण त्या पाहुण्याचा भरवसा तुमच्यावर बसेल आणि तो पुढच्या वेळी चार घरे सोबत आणेल.

पाणी शतकांपासून येथे आहे आणि ते जाणणारी माणसेही आहेत. त्यांच्या ज्ञानाला बाजारात किंमत आहे, हे ओमानच्या दऱ्यांनी दाखवून दिले. ती किंमत आपल्या गावात, आपल्या हाताने, प्रामाणिकपणे वसूल करायची की आणखी एक पिढी दुसऱ्याच्या गाडीची चावी हाती घेऊन विमानतळावर उभी करायची, याचा निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे.